वर्दी घाला, पण खुर्ची सोडून

१३ जून २०२५ रोजी अमेरिकेत चार जणांनी लष्करी शपथ घेतली आणि त्याच दिवशी ते लेफ्टनंट कर्नल झाले. सरकारांना आणि सैन्यांना माहिती-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या पॅलंटियर कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी श्याम शंकर, मेटाचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी अँड्र्यू बॉसवर्थ, ओपनएआयचे तेव्हाचे उत्पादनप्रमुख केव्हिन वाइल आणि ओपनएआयचेच माजी संशोधनप्रमुख बॉब मॅक्ग्रू. राखीव सैन्यातल्या या नव्या तुकडीचं नाव ‘डिटॅचमेंट २०१’. नोकरी सोडायची गरज नाही, वर्षाला साधारण १२० तास सैन्याला द्यायचे. बातमी अमेरिकेची, पण तिच्यावरचा वाद मी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ऐकला, देवळाली कॅम्पातल्या एका लग्नाच्या पंगतीत ऐकला आणि घरी भाचीशी स्वतः घातला. नाशिकला हा विषय परका नाहीच. एका अंगाला देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी आणि नाशिकरोडचं तोफखाना केंद्र, दुसऱ्या अंगाला ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, आणि गल्लीगल्लीतून हिंजवडीला गेलेली मुलं. सैन्यातला काका आणि आयटीतली पुतणी इथे एकाच घरात सणाला जेवायला बसतात.

वाद मात्र फार वाईट पद्धतीने चाललाय. एक बाजू म्हणते, धोनीला लेफ्टनंट कर्नल केलं, नीरज चोप्राला केलं, मग ज्यांच्या सॉफ्टवेअरवर उद्याची लढाई चालणार त्यांना केलं तर बिघडलं कुठे? आपणही पुण्या-बंगळूरच्या चार-पाच बड्या लोकांना कर्नल करून मोकळं व्हावं. दुसरी बाजू म्हणते, भांडवलदारांनी सैन्य विकत घेतलं, या लोकांना छावणीच्या फाटकाबाहेरच ठेवा. पहिलीला मानद हुद्दा आणि खरा हुद्दा यांतला फरक दिसत नाही. दुसरीला युद्ध बदललंय हे दिसत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तंत्रज्ञ सैन्यात हवेत, आज आहेत त्याहून कितीतरी जास्त हवेत, आणि वर्दीतही हवेत. पण सैन्याला माल विकणाऱ्या कंपनीत ज्याची खुर्ची, पगार आणि शेअर शाबूत आहेत, त्याच्या खांद्यावर हुद्दा चढवू नये. यायचं तर खुर्ची सोडून यावं. ते जमत नसेल तर नागरी पोशाखात राहून, सगळ्यांना दिसेल असा सल्ला द्यावा. आणि ज्यांच्या कंपनीचा सैन्याशी व्यवहारच नाही त्यांनी नोकरी सांभाळून जरूर यावं, पण इतर येतात त्याच दाराने, खालच्या पायरीवरून. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी माझं हे मत बदलत नाही, कारण प्रश्न माणसाच्या हेतूचा नाही, व्यवस्थेचा आहे.

हुद्दा म्हणजे काय, याचा विचार या वादात कुणीच करत नाही. भारतीय सैन्यात अधिकारी लेफ्टनंट कर्नल होतो तो तेरा वर्षांच्या सेवेनंतर. त्या तेरा वर्षांत त्याने माणसं सांभाळलेली असतात, चुका केलेल्या असतात, एखाद्या जवानाचं पार्थिव त्याच्या आईच्या दारात नेलेलं असतं. निफाड-सिन्नरकडची पोरं पहाटे उठून १६०० मीटरचा सराव करतात ती अग्निवीर होण्यासाठी. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारातला फार तर एक कायम. त्या पोराला आपण सांगतो की वरिष्ठ सांगेल तिथे जायचं, प्रसंगी मरायचं. तो ते ऐकतो, कारण सांगणाराही त्याच चिखलातून वर आलाय असा त्याचा विश्वास असतो. हुद्द्याची किंमत या विश्वासात आहे. धोनीला २०११ साली दिलेला हुद्दा मानद होता, तो सन्मान होता. पुढे धोनीने आग्र्याला पॅराशूटच्या उड्या घेतल्या, काश्मीरमध्ये काही दिवस तुकडीबरोबर राहिला, आणि मला त्याचा आदर आहे. पण कुठली बॅट किंवा कुठली बंदूक विकत घ्यायची हे ठरवण्याशी त्या हुद्द्याचा संबंध नव्हता. अमेरिकेतल्या चौघांची नेमणूक मानद नाही. सैन्याने कुठलं तंत्रज्ञान कसं वापरावं हे सांगण्यासाठीच ती झाली आहे.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. युक्रेनमध्ये काही हजार रुपयांचे ड्रोन कोट्यवधींचे रणगाडे फोडताना जगाने पाहिलं. मे २०२५मध्ये आपल्या पश्चिम सीमेवर रात्रभर ड्रोन येत होते, पाडले जात होते. आपल्या लष्करप्रमुखांनीही त्यानंतर पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून उभारण्याची घोषणा केली. सैन्याची खरेदी मात्र वर्षानुवर्षं चालते, आणि कागद हलेपर्यंत सॉफ्टवेअरच्या चार आवृत्त्या जुन्या होतात. अंगात वर्दी नसलेल्या सल्लागाराचा अहवाल फाइलीत पडून राहतो, हेही खरं. फौजेत माणूस आधी खांदा पाहतो, मग चेहरा. शिवाय वर्दी घातली की लष्करी कायदा लागू होतो, उत्तरदायित्व येतं. बाहेरच्या सल्लागाराला काय, बिल लावून तो घरी जातो. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी नाशिककरांना जवळून माहीत असलेली एक गोष्ट. १९८६ साली भारताने बोफोर्सच्या ४१० तोफांचा करार केला, १,४३७ कोटी रुपयांचा. पुढच्याच वर्षी स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली आणि त्यानंतर काय झालं ते देशाला ठाऊक आहे. पण देवळालीत ज्यांनी त्या तोफेवर हात बसवला, त्यांना विचारा: तोफ कशी होती? उत्तम होती. कारगिलच्या डोंगरांवर १९९९ साली तिने ते दाखवून दिलं. तोफ उत्तम असूनही व्यवहारावर संशय आला आणि त्या संशयाने तोफांची पुढची सगळी खरेदी गोठवली. पुढच्या आधुनिक तोफा, के-९ वज्र आणि एम-७७७, सैन्यात रीतसर दाखल झाल्या ९ नोव्हेंबर २०१८ रोजी, याच देवळालीत. दोन करारांमध्ये तीन दशकं गेली. त्या काळात इथे शिकून गेलेल्या तोफचींच्या पिढ्याच्या पिढ्या जुन्या तोफांवर निवृत्त झाल्या. संशयाची किंमत कोण मोजतं? जो मध्यस्थी करतो तो नाही, जो तोफेमागे उभा असतो तो.

म्हणून ‘माणसं प्रामाणिक आहेत’ हे उत्तर मला पुरत नाही. बोफोर्सच्या वेळी निदान विक्रेता आणि खरेदीदार वेगळ्या खोल्यांत बसले होते. इथे विक्रेत्याच्याच अंगावर खरेदीदाराची वर्दी आहे. पॅलंटियरचं निम्म्याहून अधिक उत्पन्न सरकारी कामांतून येतं. मेटाने शपथविधीच्या दोनेक आठवडे आधी अँड्युरिल या शस्त्रकंपनीबरोबर सैनिकांसाठी हेडसेट बनवण्याचं जाहीर केलं. ओपनएआयला त्याच जून महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं २० कोटी डॉलरपर्यंतचं काम मिळालं. या कामांचा आणि हुद्द्यांचा थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण उद्या यांतली एखादी प्रणाली खरोखरच उत्तम निघाली, तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

अमेरिकी सैन्य सांगतं की या चौघांना त्यांच्या कंपन्यांशी संबंधित निर्णयांपासून दूर ठेवलं जाईल. सहीपासून दूर ठेवता येईल, हे मान्य. कळलेल्या गोष्टीपासून कसं दूर ठेवणार? पुढच्या पाच वर्षांत सैन्याला काय लागणार, सध्या कुठे अडलंय, कुठल्या प्रतिस्पर्ध्याचा माल नापास झाला, हे ज्याला बैठकीत बसून समजलं, त्याने सोमवारी कंपनीत जाताना ते डोक्यातून काढून ठेवायचं का? आणि खालच्या माणसाचं काय? एखादा कॅप्टन एखाद्या सॉफ्टवेअरची चाचणी घेतोय, त्याला ते सुमार वाटतंय. त्या कंपनीचा तंत्रप्रमुख आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वरचा अधिकारी आहे हे त्याला माहीत आहे. तो अहवालात काय लिहील? कुणी त्याला फोन करायची गरजच नाही. आपल्याकडे निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्यालाही निवृत्तीनंतर वर्षभरात खासगी कंपनीत जायचं असेल तर सरकारची परवानगी घ्यावी लागते. सैन्यातून कंपनीकडे जाताना आपण मधे भिंत घालतो. मग कंपनीतून सैन्यात येताना ती भिंत का नको?

माझे वडील ओझरच्या कारखान्यात होते. मिगच्या काळातले. त्यांच्याकडून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली: जोडणारा वेगळा, तपासणारा वेगळा, आणि उडवून बघणारा आणखी वेगळा. जोडणाऱ्याने कितीही शपथेवर सांगितलं तरी संरक्षण खात्याच्या तपासनिसाने पाहिल्याशिवाय काम पुढे सरकायचं नाही. वडिलांना त्यात कधी अपमान वाटला नाही. उलट, ‘माझं काम दुसऱ्याने तपासलंय, म्हणून मला रात्री झोप लागते,’ असं ते म्हणत. त्या कारखान्यात विमानाचा कणन्‌कण जाणणारे अभियंते होते, त्यांच्यापैकी कुणी विंग कमांडरचा हुद्दा मागितल्याचं मी ऐकलं नाही. आज तिथेच तेजसची नवी उत्पादन साखळी सुरू झाली आहे. तिथेही हीच रीत चालावी असं कुणाला वाटणार नाही?

इतिहास काय सांगतो? महादजी शिंद्यांनी ओळखलं होतं की जुन्या घोडदळाच्या जोरावर पुढचा काळ काढता येणार नाही. त्यांनी बेनुआ द बॉयनला नेमलं, कवायती पलटणी उभ्या केल्या, तोफा ओतायचे कारखाने काढले. १७९० साली पाटण आणि मेडत्याच्या लढाया त्या पलटणींनी जिंकून दिल्या. त्या काळातलं ते सर्वांत पुढचं तंत्रज्ञान होतं आणि महादजींचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण तंत्रज्ञानाबरोबर त्यांनी हुकूमतही बाहेरच्या हातात दिली. द बॉयन पुढे अमाप संपत्ती घेऊन युरोपात परतला, त्याच्या जागी पेरॉन आला. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा दौलतराव शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना कंपनी सरकारने जाहीरनामा काढून बोलावून घेतलं आणि ते गेले. अलीगढच्या किल्ल्याचा दरवाजा इंग्रजांना दाखवला तो शिंद्यांची चाकरी सोडून गेलेल्या ल्यूकननेच. पेरॉन स्वतः सप्टेंबर महिन्यात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. आणि तोफची? असईला ते तोफांजवळच कापले गेले. १ नोव्हेंबरला लासवारीला, युरोपीय अधिकारी निघून गेल्यावरही, ते असे लढले की इंग्रज सेनापती जनरल लेकला आपल्या पत्रात त्यांचं कौतुक करावं लागलं.

या माणसांना निव्वळ फितूर ठरवून हा विषय संपत नाही. त्यांचा पैसा, घर, भविष्य दुसरीकडे होतं. ज्याचं पुढचं आयुष्य दुसऱ्या दरबारी बांधलेलं आहे, तो आणीबाणीच्या वेळी तिकडे पाहणारच. ते परके होते म्हणून हे झालं असंही नाही. त्याआधी पानिपतावर इब्राहिमखान गारदी होताच, फ्रेंचांकडे कवायत शिकलेला, त्या काळचा तोफखान्याचा तज्ज्ञ. तो आला तो पुरता आला, भाऊसाहेबांबरोबर उभा राहिला आणि तिथेच संपला. तज्ज्ञ दोघेही. फरक एवढाच की एकाचा दुसरा पाय बाहेर होता.

अमेरिकेचे समर्थक स्वतःच्या इतिहासाचा दाखला देतात, तोही पाहू. जनरल मोटर्सचे अध्यक्ष विल्यम नुडसेन जानेवारी १९४२मध्ये थेट लेफ्टनंट जनरल झाले, आणि कारखान्यांतून विमानं-रणगाड्यांचा जो पूर त्यांनी काढला त्याचा युद्धात मोठा वाटा आहे. पण नुडसेन १९४०मध्येच कंपनीचं अध्यक्षपद सोडून सरकारात आले होते, वर्षाला एक डॉलर पगारावर. त्या एक डॉलरवाल्यांतले जे कंपनीचा पगार घेत राहिले, त्यांच्यावर ट्रुमन यांच्या सिनेट समितीने ऐन युद्धात कडक टीका केली. आरसीए या रेडिओ कंपनीचे डेव्हिड सार्नॉफ हे अधिक अवघड उदाहरण आहे. त्यांनी कंपनी सोडली नव्हती आणि ते ब्रिगेडियर जनरल झाले. पण सार्नॉफ वीसएक वर्षं राखीव सैन्यात होते, आणि १९४४मध्ये युरोपात गेले ते पूर्णवेळ, महायुद्ध चालू असताना. वर्षाला १२० तास म्हणजे आठवड्याला अडीच तासही होत नाहीत. गणिताच्या प्राध्यापक ग्रेस हॉपर यांनी १९४३मध्ये नौदलाच्या राखीव दलात नाव घातलं, रीतसर प्रशिक्षण घेतलं, कनिष्ठ अधिकारी म्हणून संगणकावर काम सुरू केलं आणि १९८६मध्ये रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. मला दाखला द्यायचा असेल तर मी हा देईन.

डॉक्टरांचं काय, असं देवळालीतल्या त्या पंगतीत एकाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. सैन्य डॉक्टरांना थेट हुद्दा देतं, वकिलांना देतं. पण सैन्यातला डॉक्टर दिवसभर सैन्याचाच असतो. औषधकंपनीचा संचालक राहून, आठवड्यातून एकदा वर्दी घालून, तो जवानांना कुठली गोळी द्यायची हे ठरवत नाही. तसं कुणी करू लागला तर आपण क्षणभर तरी खपवून घेऊ का? आपल्याकडे टेरिटोरियल आर्मी आहे, १९४९पासून. नोकरी सांभाळून देशसेवा करण्याचा मार्ग तिने केव्हाच आखून दिलाय. रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या तिच्यात स्वतंत्र तुकड्या आहेत. सचिन पायलट केंद्रात मंत्री असताना २०१२ साली तिच्यात अधिकारी झाले, तेही मुलाखत देऊन, लेफ्टनंट म्हणून. देशाच्या मंत्र्याला दोन ताऱ्यांपासून सुरुवात करावी लागते, आणि त्यात त्याचाही मान राहतो, दोन ताऱ्यांचाही.

आता उत्तरदायित्वाचा मुद्दा. वर्दीमुळे माणूस कायद्याच्या कक्षेत येतो, म्हणून ती द्यावी, असं म्हणतात. २०२२ साली युक्रेनला क्रिमियाजवळच्या एका हल्ल्यासाठी स्टारलिंकची उपग्रह-इंटरनेट सेवा हवी होती आणि एलॉन मस्क यांनी ती द्यायला नकार दिला. एका देशाच्या लढाईतला निर्णय एका कंपनीच्या मालकाने घेतला. अशा माणसाला वर्दी घातली असती तर तो बांधला गेला असता का? मला नाही वाटत. वर्षातले १२० तास तो अधिकारी, उरलेले सगळे तास तो मालक; आणि असे निर्णय त्या उरलेल्या तासांतच होतात. उत्तरदायित्व कपड्यातून येत नाही. कुणीतरी जाब विचारू शकतो आणि पदावरून काढू शकतो, यातून ते येतं.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण नाशिकचंच आहे. १९६२च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि १९६३मध्ये नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं. यशवंतराव सैनिक नव्हते. त्यांनी कधी हुद्दा मागितला नाही. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे पुढे सरकत असताना हवाई दल वापरायची परवानगी मागायला हवाई दलप्रमुख अर्जन सिंग त्यांच्याकडे आले. यशवंतरावांनी तज्ज्ञाचं ऐकलं आणि निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेतला. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. चुकलं असतं तर संसदेत उभं राहून उत्तर त्यांना द्यावं लागलं असतं, आणि पुढच्या निवडणुकीत आमच्या आजी-आजोबांना. माहिती एकाकडे, अधिकार दुसऱ्याकडे, आणि अधिकार असलेल्याला जाब विचारणारे तिसरे. शास्त्रज्ञांनीही ही मर्यादा पाळली. दौलतसिंह कोठारी १९४८पासून संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार होते ते नागरिक म्हणूनच. १९९८मध्ये पोखरणला कलाम आणि अणुशास्त्रज्ञ आर. चिदंबरम यांनी लष्करी गणवेश घातले, मेजर जनरलची नावंही धारण केली, ते फक्त उपग्रहांना आणि हेरांना चकवण्यासाठी. काम झाल्यावर गणवेश उतरले. कलामांचा शब्द सैन्यात कुणी कमी मानला का?

राहिला प्रश्न की इतके बडे लोक खालच्या पायरीवरून येतील कशाला. सगळे येणार नाहीत, हे खरंच आहे. पण सैन्याला कंपन्यांच्या माथ्यावरच्या चार माणसांपेक्षा प्रत्यक्ष कोड लिहिणाऱ्या, यंत्र उघडून बसणाऱ्या चार हजार तरुणांची गरज जास्त आहे, असं मला वाटतं. त्यांच्यासाठी दोन-तीन वर्षांची पूर्णवेळ नेमणूक काढा, कंपन्यांना त्यांची जागा राखून ठेवायला लावा, त्या काळात त्यांचे शेअर त्रयस्थाकडे ठेवा. आणि सैन्यात आधीपासून असलेल्या माणसांकडेही बघा. ड्रोन उडवण्यात तरबेज झालेला हवालदार निवृत्तीनंतर एखाद्या सोसायटीच्या फाटकावर बसतो, तेव्हा आपण तंत्रज्ञ नाहीत म्हणून गळा काढतो.

माझी भाची एकतीस वर्षांची आहे, पुण्यात नेटवर्क सुरक्षेचं काम करते. वादाच्या शेवटी तिने सरळ विचारलं, ‘मग मामा, मी काय करू?’ मी तिला टेरिटोरियल आर्मीची माहिती काढून दिली. बेचाळीस वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, लेखी परीक्षा, मग मुलाखती, आणि सुरुवात लेफ्टनंटपासून. तिने आधी विचारलं ते कंपनीने दिलेल्या तिच्या थोड्याशा शेअरबद्दल: ते विकावे लागतील का? तिची कंपनी बँकांसाठी काम करते, सैन्याला काही विकत नाही. तिला काहीच सोडावं लागणार नाही. ज्यांची कंपनी विकते, त्यांना सोडावं लागेल.